हातातला जीपीएस: गाडीत आणि डोंगरात नीट वापरायचा कसा

‘जीपीएसने चुकवलं’ असं आपण सर्रास म्हणतो. पण चूक नक्की कुणाची हे बघायला गेलं, तर उपग्रहांचा दोष क्वचितच निघतो. उपकरणाला आकाशातून दोनच गोष्टी कळतात: आपण आत्ता कुठे आहोत आणि किती वाजलेत. रस्ता कुठून जातो, पक्का आहे की कच्चा, पुढे पूल आहे का, हे सगळं आत साठवलेल्या नकाशातून येतं. आणि त्यातला कोणता रस्ता घ्यायचा, हे आपण सेटिंगमध्ये काय निवडून ठेवलंय त्यावर ठरतं. जागा, नकाशा आणि सेटिंग या तीन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवल्या, तर काही बिनसलं की बोट कुठे ठेवायचं ते लगेच कळतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत वेळ व स्वतःची जागा सांगत राहतात. उपकरण फक्त ऐकतं, उलट काहीच पाठवत नाही. त्यामुळे जागा सापडण्याशी मोबाइलची रेंज, सिमकार्ड, इंटरनेट यांचा संबंध नाही. अक्षांश, रेखांश आणि उंची काढायला तीन उपग्रह पुरतील असं वाटतं, पण किमान चार लागतात. चौथा लागतो तो उपकरणातल्या साध्या घड्याळाची चूक काढून टाकायला. आजची बहुतेक उपकरणं अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदू यांपैकी एखाददुसरी तरी ऐकतात. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे आणि चूक १०० मीटरपर्यंत जाई. आता उघड्या आकाशाखाली पाचएक मीटरची अचूकता सहज मिळते.

फोन असताना वेगळं उपकरण कशाला? रोजच्या शहरी फिरण्याला खरंच नको. ट्रॅफिक कुठे तुंबलंय ते फोनच जास्त चांगलं सांगतो. वेगळं उपकरण उपयोगी पडतं ते लांबच्या, रेंज नसलेल्या वाटांवर, पावसात, हातात मोजे असताना, कडक उन्हात स्क्रीन वाचायची असताना. शिवाय डोंगरात फोनची बॅटरी मदत मागायला शिल्लक राहणं जास्त महत्त्वाचं.

घरी करायची कामं

उपकरण पूर्ण चार्ज करून संगणकाला किंवा वायफायला जोडा. आधी सॉफ्टवेअर, मग नकाशा अपडेट करा. नकाशा उतरायला बराच वेळ लागतो आणि मध्येच केबल निघाली तर सगळं अडकून बसतं, म्हणून हे काम निघायच्या दिवशी सकाळी करायचं नाही. मेमरी कमी पडली तर जिथे जायचंच नाही त्या प्रदेशांचे नकाशे काढून टाका.

मग उपकरण घेऊन मोकळ्या जागी जा आणि ते स्वस्थ ठेवा. पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रहांचं सगळं वेळापत्रक, म्हणजे अल्मनॅक, पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. त्याशिवाय प्रत्येक उपग्रहाच्या नेमक्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी येते आणि ती साधारण चार तास चालते. म्हणून जेवणापुरतं बंद करून पुन्हा लावलेलं उपकरण काही सेकंदांत जागा दाखवतं, तर महिनाभर कपाटात पडलेलं किंवा विमानाने दूर नेलेलं रेंगाळतं. गाडी सुरू करून, इमारतींच्या मधून धावत असताना ‘अजून सिग्नल का येत नाही’ म्हणून वैतागण्यात अर्थ नाही. त्या ३० सेकंदांत सिग्नल तुटला की ते पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लागतं. निघण्याआधी दोन मिनिटं उभं राहा.

जुनं, वापरलेलं उपकरण घेत असाल तर आधी तारीख बघा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे १० बिटांत मोजले जातात, त्यामुळे दर १,०२४ आठवड्यांनी मोजणी शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती आली तेव्हा अपडेट न झालेली काही उपकरणं जवळजवळ २० वर्षं मागची तारीख दाखवू लागली. अशा उपकरणाला कंपनीकडून अपडेट मिळत नसेल तर ते स्वस्तातही घेऊ नका. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे.

गाडीत

जागा निवडताना दोन गोष्टी बघा: रस्त्यावरची नजर फार हलवावी लागू नये आणि उपकरणाने रस्ता झाकू नये. चालकाच्या बाजूचा काचेचा खालचा कोपरा बहुतेक गाड्यांत बरा पडतो. एअरबॅग जिथून उघडते तिथे काहीही लावू नका. काचेवर काय आणि कुठे लावायचं याचे काही देशांत नियम आहेत, भाड्याची गाडी घेताना ते विचारून घ्या. उपकरण काचेला धरून ठेवणारा रबरी सक्शन कप वारंवार पडत असेल तर काच आणि कप दोन्ही पुसून पूर्ण कोरडे करा. काचेवरचा तेलकट थर हेच बहुधा कारण असतं. काही गाड्यांच्या काचांवर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असतो आणि त्यातून सिग्नल नीट येत नाही. अशा काचेत आरशाच्या आसपास अनेकदा बिनथराचा एक पट्टा सोडलेला असतो, तिथे लावून बघा.

आता सेटिंग. वाहनाचा प्रकार खरा तोच निवडा. ‘कमीत कमी अंतर’ हा पर्याय ऐकायला छान वाटतो, पण माझ्या मते तो बंदच ठेवावा. तीनशे मीटर वाचवण्यासाठी उपकरण तुम्हाला हमरस्त्यावरून उतरवून गल्ल्याबोळांतून आणि शेताच्या बांधांवरून फिरवेल, कारण त्याला तसंच करायला सांगितलेलं आहे. ‘कमीत कमी वेळ’ ठेवा आणि टाळायच्या गोष्टींच्या यादीत कच्चे रस्ते टाका. टोल टाळायचा पर्याय चालू ठेवलात तर तो लक्षात असू द्या. महिन्याभराने उपकरण हायवे सोडून भलतीकडे नेतं आणि शिव्या नकाशाला बसतात.

ठिकाण टाकताना एकाच नावाची दोन गावं असतात हे गृहीत धरा. मार्ग तयार झाला की लगेच ‘चला’ दाबू नका. नकाशा लहान करून सगळा मार्ग एकदा डोळ्यांखालून घाला. एकूण अंतर अपेक्षेइतकं आहे का? मधली मोठी गावं ओळखीची आहेत का? आणि शेवटचे पाच किलोमीटर मोठे करून बघा, कारण घोळ तिथेच असतो. ठिकाणाची खूण नदीच्या पलीकडे किंवा भिंतीच्या मागच्या बाजूला पडलेली असली, तर उपकरण तुम्हाला बरोबर त्या जागेजवळ नेतं आणि आत जायला वाट नसते. मार्ग पटला नाही तर मध्ये एक थांबा घालून तो हव्या त्या रस्त्यावर आणा.

हे सगळं गाडी उभी असताना. चालत्या गाडीत उपकरणाला हात लावायचा तो शेजारच्याने. चालकाने फक्त ऐकायचं, आणि आवाज व रस्त्यावरची पाटी यांत फरक पडला तर पाटीचं ऐकायचं. वळण चुकलं तर अचानक ब्रेक मारू नका, मागे घेऊ नका; पुढे जात राहा, नवा मार्ग आपोआप येतो.

उड्डाणपुलांपाशी मात्र सावध राहा. नकाशावर तुमचा बाण रस्त्याच्या मधोमध दिसतो तो प्रत्यक्ष मोजमापामुळे नाही. उपकरण मोजलेली जागा जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं. पूल आणि त्याच्या खालचा रस्ता नकाशावर एकावर एक येतात, हायवे आणि सर्व्हिस रोड दहा-पंधरा मीटरवर समांतर धावतात, अशा ठिकाणी उपकरण चुकीचा रस्ता धरून बसू शकतं. तुम्ही पुलावर असता आणि ते ‘डावीकडे वळा’ म्हणतं. दोन्ही रस्ते वेगळे होईपर्यंत त्याच्या सूचना बाजूला ठेवा. लांब बोगद्यातही तेच: आत आकाश दिसत नाही, त्यामुळे बाण एक तर थांबतो किंवा आधीच्या वेगाच्या अंदाजाने पुढे सरकतो. बोगद्यातून बाहेर पडताच वळण असेल तर ते आधीच बघून ठेवा.

उपकरणावरचा वेग गाडीच्या काट्यापेक्षा थोडा कमी दिसतो. त्यात बिघाड काही नाही. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम अनेक देशांत आहे, म्हणून गाड्या बनवणारे तो थोडा जास्तच ठेवतात. स्थिर वेगात, सरळ रस्त्यावर उपकरणाचा आकडा जास्त खरा. ब्रेक लावताना तो किंचित मागे पडतो.

ओसाड मुलखात नकाशावरची प्रत्येक रेघ रस्ता समजू नका. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाने तर पर्यटकांना जीपीएसवर विसंबू नका असंच सांगून ठेवलंय, कारण कधीच्या बंद झालेल्या वाटा नकाशात रस्ते म्हणून राहून गेल्या आहेत. रस्ता अरुंद होत चालला, टायरच्या ताज्या खुणा दिसेनाशा झाल्या, की वळायला जागा आहे तोवर वळा.

गाडी उन्हात ठेवून जाताना उपकरण काढून न्या, उष्णतेने त्याची बॅटरी लवकर मरते. काचेवरचा कपाचा गोल डागही पुसा. आत काहीतरी आहे हे चोराला त्यावरून कळतं. आणि ‘घर’ म्हणून स्वतःचा दरवाजा साठवू नका, जवळचा चौक साठवा.

पायी निघताना

गाडीतल्या उपकरणाची बॅटरी सुटी वापरली तर जेमतेम तासभर पुरते आणि पाण्यापासून त्याला संरक्षण नसतं. डोंगरासाठी हातात धरायचं, बटणं असलेलं, आयपीएक्स-७ दर्जाचं उपकरण बरं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी टिकतं. टचस्क्रीन दिसायला छान, पण ओल्या बोटांना दाद देत नाही.

तीन शब्द पक्के करा. वेपॉइंट म्हणजे साठवलेली एक जागा: खिंड, पाणवठा, मुक्काम. रूट म्हणजे अशा जागा ओळीने जोडून आखलेला मार्ग. ट्रॅक म्हणजे कुणीतरी खरोखर चाललेली वाट, शेकडो बिंदूंची. या तिन्ही गोष्टी जीपीएक्स फाइलमधून एका उपकरणातून दुसऱ्यात जातात. अनोळखी डोंगरात मी रूटपेक्षा ट्रॅकवर जास्त भरवसा ठेवतो. रूटमधल्या दोन वेपॉइंटमध्ये उपकरण सरळ रेघ मारतं, आणि त्या रेघेला मध्ये कडा आहे की ओढा हे ठाऊक नसतं. दुसऱ्याचा ट्रॅक घेतलात तर तो कोणत्या ऋतूतला आहे ते बघा. उन्हाळ्यात कोरडा असलेला ओढा पावसाळ्यात ओलांडता येत नाही.

घरी समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा उपकरणात घाला. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर बनवलेले फुकट नकाशे बऱ्याच उपकरणांत चालतात. ट्रॅक नकाशावर ठेवून बघा आणि महत्त्वाच्या जागा वेपॉइंट म्हणून साठवा: फाटे, पाणी, आणि जिथून परतायचं ठरवता येईल अशा जागा. वेपॉइंटना ‘००१’, ‘००२’ अशी नावं राहू देऊ नका. अंधारात, थकलेल्या डोळ्यांना ‘पाणी’ आणि ‘डावा फाटा’ हेच कळतं. कागदी नकाशा आणि साधं होकायंत्र सोबत असू द्या.

पायथ्याशी पोचल्यावर हा क्रम ठेवा:

१. आकाश मोकळं असेल तिथे उपकरण चालू करा आणि जागा स्थिर होऊ द्या.

२. गाडी उभी केली ती जागा वेपॉइंट म्हणून साठवा. उपकरणात सरासरी काढून साठवायची सोय असेल तर ती इथे वापरा.

३. आधीचा ट्रॅक आणि ट्रिपचे आकडे शून्य करा, ट्रॅक नोंदवणं चालू असल्याची खात्री करा.

४. होकायंत्र कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची दिशा पुन्हा जुळवून घ्या, गाडीपासून आणि लोखंडापासून दूर जाऊन. सेल बदलल्यावर हे पुन्हा करावं लागतं. चुंबकाचं झाकण असलेला फोन त्याच खिशात ठेवू नका.

५. दाबावर चालणारं उंचीमापक असेल तर माहीत असलेली उंची त्यात घाला.

उपकरण पँटच्या खिशात ठेवू नका. शरीर सिग्नल अडवतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, अँटेना आकाशाकडे ठेवून लावा. बाहेर दांडीसारखी अँटेना असलेलं उपकरण उभं धरायचं, तशी नसलेलं आडवं, स्क्रीन वर करून. ज्यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, त्याला तुमचं तोंड कुठे आहे हे चालल्याशिवाय कळत नाही. जागेवर उभं राहून बाण फिरण्याची वाट बघू नका, वीसएक पावलं चाला.

बाणामागे जाण्याचा मोह आवरायचा. समजा स्क्रीनवर ‘मुक्काम ४०० मीटर’ दिसतंय. ते अंतर हवेतलं आहे. मधल्या समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तिथे कडा आहे, आणि खरी वाट धारेवरून दोन किलोमीटरचा वळसा घेऊन येत असेल. अंतर पाहिलं की लगोलग नकाशाच्या पानावर जाऊन मधली जमीन बघायची, ही सवय सगळ्यांत मोलाची. उपकरणाने सांगितलेली पोचण्याची वेळही तशीच: ती आत्ताच्या वेगावरून काढलेली असते, पुढचा चढ त्यात नसतो. त्याऐवजी १८९२ मध्ये स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने सांगितलेला हिशोब करा: ताशी ५ किलोमीटर, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. ८ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे तीन तासांच्या थोडं वर, विश्रांती सोडून.

फाट्यावर थांबा, नोंद घ्या, मागे वळून एकदा बघा. परतीची वाट उलट्या बाजूने वेगळीच दिसते. परतताना ट्रॅक उलटा चालवायची सोय वापरा, आणि धुकं उतरलं तर त्या रेघेपासून भटकू नका. पण रेघेवर पाऊल ठेवण्याचा हट्टही नको. ट्रॅक नोंदवताना पाच-दहा मीटरची चूक असते, तुमच्या आत्ताच्या जागेत तेवढीच. अरुंद धारेवर दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तर रेघ तुम्हाला हवेत चालायला सांगते. पायाखाली मळलेली वाट दिसत असेल तर वाटच खरी.

आकडे वाचताना

‘± ४ मीटर’ हा उपकरणाचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. खरी जागा त्या वर्तुळाच्या बाहेरही असू शकते. उंच इमारतींत, खोल घळीत सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा येतो, आणि उपकरण मोठ्या आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतं. ओली दाट झाडीही सिग्नल खाते. मल्टी-बँड उपकरणं दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकून ही चूक बरीच कमी करतात, मात्र बॅटरी जास्त घेतात.

जेवायला तासभर थांबलात तर उपकरण बंद करा किंवा ट्रॅक नोंदवणं थांबवा. एरवी जागा थोडी थोडी हलत राहते आणि बसल्या बसल्या तुमच्या खात्यावर काहीशे मीटर चाल जमा होते.

उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा कमी अचूक असते, कारण जमिनीखालचे उपग्रह दिसत नाहीत. दाबावरचं मापक जास्त स्थिर, पण हवामान बदललं की तेही सरकतं. याचा उलटा फायदा घेता येतो. ऑटो कॅलिब्रेशन बंद करून रात्री मुक्कामाची उंची बघून ठेवा. सकाळी तीच जागा ४० मीटर ‘उंच’ गेलेली दिसली, तर हवेचा दाब चार-पाच हेक्टोपास्कलनी उतरलाय. हवा बिघडायची शक्यता धरून चला.

अक्षांश-रेखांश कुणाला सांगायची वेळ आली तर आकड्यांइतकंच त्यांचं स्वरूप महत्त्वाचं. ३०° १५.५००′ म्हणजे तीस अंश, साडेपंधरा मिनिटं. तेच कुणी ३०.१५५०० अंश असं लिहून घेतलं तर जागा सुमारे साडेअकरा किलोमीटर सरकते, आणि शोधपथक भलत्याच दरीत उतरतं. म्हणून सगळ्यांच्या उपकरणांत एकच स्वरूप ठेवा, मापनाचा आधार ‘डब्ल्यूजीएस ८४’ ठेवा, आणि फोनवर सांगताना ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘दशांश’ हे शब्द उच्चारा. आधी अक्षांश, मग रेखांश. समोरच्याला परत वाचून दाखवायला सांगा. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणं ही वेगळी जात आहे. संकटात ती फार उपयोगी, पण काही देशांत परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा ठरतो, त्यामुळे प्रवासाआधी तिथला कायदा बघा.

सेल आणि परत आल्यावर

एए सेलवर चालणारं उपकरण असेल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बरोबर निवडा. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ व्होल्टचे, प्रकार चुकला तर उरलेल्या चार्जचा आकडा खोटा दिसतो. थंडीत अल्कलाइन सेल झपाट्याने लुळे पडतात, तिथे एकदाच वापरायचे लिथियम सेल न्या आणि जादा जोडी अंगालगतच्या खिशात ठेवा. स्क्रीनचा उजेड सगळ्यांत जास्त खातो, आधी तो कमी करा.

घरी आल्यावर ट्रॅक संगणकावर उतरवा, कारण मेमरी भरली की बरीच उपकरणं जुने बिंदू पुसत जातात. कुणाला फाइल पाठवणार असाल तर घराजवळचा तुकडा आधी कापा. नकाशात चुकीची दिसलेली पायवाट ओपनस्ट्रीटमॅपवर कुणालाही दुरुस्त करता येते, आठवण ताजी असताना ते काम उरकून टाका. आणि उपकरण पुढच्या मोसमापर्यंत ठेवून द्यायचं असेल तर सेल बाहेर काढा. आत गळलेल्या अल्कलाइन सेलने खराब झालेले संपर्क वॉरंटीत सहसा बसत नाहीत.